दात कोण खायचं

रामवाडी, पेण
मंगळवार, दुपार

प्रिय नूतन,

पाकीट बघून आधी घाबरू नकोस. आई बरी आहे, घरात सगळे धडधाकट आहेत. आमचा आदर्श उद्या सेकंड शिफ्टला गाडीने धाटावच्या कंपनीत जाताना हे तुझ्या हातात देईल. त्याला चहाला थांबवू नकोस, पाच मिनिटं उशीर झाला तरी त्याचा सुपरवायझर तोंड वाकडं करतो. तू म्हणशील, ताईला झालंय काय, हातात मोबाईल असताना पानंच्या पानं लिहीत बसली. अगो, फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी मागचं काही काढलं की तुझा भात तरी करपतो, नाहीतर दारात कोणी तरी उभं असतं. इतकी वर्षं इतके भात करपले असतील तर सखाभावोजी जगले कशावर हेच मला कोडं आहे. कागद आपला बरा, मला मधेच तोडत नाही.

तुला आईचं ठाऊकच आहे. आपला धाकटा भाऊ पोपट पनवेलला राहायला गेल्यापासून ती माझ्याकडे आहे आणि ब्याऐंशी वर्षांच्या त्या बाईचं रोजचं एकच पालुपद. नूतन येते, जेवते, भांडी घासून पालथी घालते आणि दिवेलागणीच्या आत रोह्याची वाट धरते, एक रात्र काय राहत नाय. लहानपणी मामाकडे धाडली त्याचा राग तिच्या मनातून गेला नाय, असं म्हणते आणि डोळ्याला पदर लावते. मी तिची समजूत घालायचे की तुला दुसऱ्याच्या घरी झोपच लागत नाही. पण खरं सांगू, मलाही वाटायचं ती अढीच आहे. आता मला त्यामागचं कारण कळलंय, आणि ते कळायला माझी एक दाढ फुटावी लागली.

दिवाळीपासून माझा जबडा धरत होता. सकाळी उठलं की कानशिलं ठणकायची, जांभई देताना कानापाशी कट्‌ वाजायचं, तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. मी आपली दाढेत लवंग धरून दिवस काढत होते. एक दिवस वालाचं बिरडं खाताना दाताखाली कचकन खडा आला. मी मनस्वीवर यथेच्छ तोंडसुख घेतलं, वाल सोलतानासुद्धा मोबाईल लागतो का तुम्हा मुलींना म्हणून. मनस्वी म्हणजे आमची सून गो, लग्नात तू जिची ओटी भरलीस ती. तिने ताटातला खडा उचलला, नळाखाली धुतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. खडा कसला, माझ्याच दाढेचा तुकडा. मग हळूच म्हणाली, की आई, तुम्ही झोपेत दात खाता.

मी तिला उडवूनच लावलं. आमच्या घरात दात खाणारी एकच, माझी धाकटी बहीण, आणि ती रोह्याला असते, असं वर ऐटीत सांगितलं. पण पोरगी पक्की आहे. आदर्शची नाइट असली की ती माझ्या आणि आईच्या शेजारी अंथरूण टाकते; आई तर गोळी घेऊन गाढ झोपते. चार दिवसांनी सकाळच्या चहाला तिने मोबाईल माझ्यापुढे ठेवला आणि आवाज लावला. कर्रर, कर्रर. मधेच थांबायचं, पुन्हा कर्रर. अंगावर काटा आला गो माझ्या. मी म्हटलं हे शेजारचं काहीतरी असेल, तर मधेच माझं खोकणं ऐकू आलं.

आमचे हे पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, हा तर आपला उंदीर. लग्न झाल्यापासून हा उंदीर ऐकतायत ते. तीस-पस्तीस वर्षं या माणसाने पिंजरे लावले, तुपातले पोळीचे तुकडे अडकवले, दोनदा अख्खा माळा रिकामा केला. एक उंदीर कधी सापडला नाही आणि दर वेळी मीच त्यांना म्हणायचे, तुम्हाला पिंजरा लावता येत नाही. आता मला उंदीरमामी म्हणतात. दोन दिवस मीही हसले. तिसऱ्या दिवशी मनस्वी मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि माझं हसू संपलं.

डॉक्टर म्हणजे कोण माहितेय? आपल्या जुन्या आळीच्या तोंडाशी नासिरचाचांचं दुकान होतं बघ, लिमलेटच्या गोळ्या घेतल्या की एक जास्तीची हातावर ठेवायचे. त्यांची नात सहर. बाप कुवेतला, आणि ही इथे दवाखाना घालून बसलीय. हात इतका हलका की सुई कधी टोचली ते कळत नाही. तिने मला विचारलं, मावशी, टेन्शन कसलं आहे? मी म्हटलं, मला कसलं टेन्शन, खाऊन पिऊन सुखी. तिने माझ्या हातात आरसा दिला. एवढंसं वाक्य बोलून होईस्तोवर माझे खालचे-वरचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते आणि गालफडं फुगली होती.

टेन्शन काय एक असतं? आदर्शची सुटी होऊन तास झाला आणि गाडीचा आवाज आला नाही की मी ओट्याशी उभी असते, हातात सुरी आणि जबडा आवळलेला. कंपनीत काही झालं तर नसेल, हायवेला काही झालं तर नसेल. आई जास्त वेळ झोपली की तिच्या छातीकडे बघत बसते, खालीवर होतेय ना म्हणून. बोलून मात्र कुणाला दाखवत नाही. बाबा आजारी पडले तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि मोठी होते. मोठीने रडायचं नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवून टाकलं. सहर म्हणाली, मावशी, तुम्ही दिवसभर गिळता ते झोपेत चावता. मला ते ऐकून रडू आलं, तोंडात तिचा आरसा असताना.

उपायही सांगते, कारण तू विचारशील. झोपताना घालायची एक पारदर्शक प्लेट दिलीय तिने, माझ्या दातांचं माप घेऊन केलेली. ती घातली की मी बोबडी बोलते आणि ह्यांची करमणूक होते. गालांना गरम फडक्याचा शेक. संध्याकाळनंतर चहा बंद, तो मात्र मी अधूनमधून चोरते. आणि दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे. ते लक्षात राहावं म्हणून मनस्वीने घरभर माझ्या टिकल्या चिकटवल्यात. फ्रिजवर टिकली, मिसळणाच्या डब्यावर टिकली, टीव्हीच्या कोपऱ्यावर टिकली. टिकली दिसली की जबडा सोडायचा. गॅसच्या सिलिंडरलाही लावली तेव्हा ह्यांनी विचारलं, याचं लग्न कधी झालं? पण गुण येतोय बरं का. कानशिलांचं दुखणं निम्म्यावर आलंय.

आता मुद्द्याचं. मी सहरला म्हटलं, दात झिजले असतील ते कारखान्यापायी. तुला आठवतं ना, बाराव्या वर्षी मी शाळा सुटली की गणपतीच्या कारखान्यात रंगाला बसायला लागले. एक ब्रश हातात, दुसरा दातात. पेणमधल्या निम्म्या बाया अशाच काम करतात, आणि कोणी हाक मारली की दातातल्या ब्रशासकट हुं करतात. मला वाटलं, झालं, कारण सापडलं. सहर म्हणाली, ब्रशाने पुढचे दात झिजतात, मावशी, ते तुमचे ठीक आहेत. दाढा मात्र पाट्यासारख्या सपाट झाल्यात. हे आजकालचं नाही, फार जुनं आहे, बहुतेक लहानपणापासूनचं. लहानपणी तुमच्या शेजारी कोण झोपायचं त्यांना विचारून बघा.

शेजारी तू झोपायचीस, नूतन. आईच्या दोन लुगड्यांची ती एकच गोधडी, अर्धी तुझी आणि अर्धी माझी, आणि त्या सीमेवरून रोज भांडण. काय दिवस होते गो. आई पापडाचं पीठ कुटायची आणि आपण दोघी लाट्या तेलात बुडवून पळवायचो. मग शिक्षा म्हणून अंगणात पापडांची राखण, आणि तू कावळ्यांना नावं ठेवली होतीस, नावानिशी हाकलायचीस. थंडीत शेतावर पोपटी लावली की मडकं उघडायच्या आधीच तू शेंगा मागायचीस, तोंड भाजायचीस आणि कुणाला सांगायची नाहीस, नुसती डोळ्यांतून पाणी काढत चावत राहायचीस. सहरच्या खुर्चीवर तोंड उघडून पडल्या पडल्या मला हे सगळं आठवत होतं. आणि मग तुझा तळहात आठवला.

सकाळी मला जाग यायची तेव्हा तुझा तळहात माझ्या गालाखाली असायचा. कधी बोटं हनुवटीवर असायची. मी तो झटकून टाकायचे, किती चिकटतेस गो म्हणून. एकदा तुझ्या बोटावर लालभडक वळ उठले होते आणि तू म्हणालीस, मुंगळा चावला. ते माझ्या दातांचे वळ होते ना? तू माझा जबडा सोडवत बसायचीस. नऊ वर्षांची पोर तू, आणि आत्याच्या कानावर जाऊ नये म्हणून जागी राहायचीस.

काशीबाई आत्याला मी आज शिव्या देणार नाही. नवरा आणि दोन मुलं गमावून आपल्याकडे राहायला आलेली बाई ती, प्रत्येक गोष्टीला घाबरायची. झोपेत दात खाणारं पोर घरातल्या पुरुषमाणसाच्या मुळावर येतं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि तेव्हा बाबा धरमतरच्या बंदरावरून बार्जचं काम अर्धवट टाकून डोळे पिवळे करून घरी आलेले. एका सकाळी पीठ मळता मळता तिने विचारलं, दात कोण खातं गो तुमच्यातलं? मी पटकन म्हटलं, मी नाय. खोटं नव्हते बोलत, देवाशपथ. झोपलेल्याला स्वतःचा आवाज कसा ऐकू येणार? तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं माझ्या डोळ्यांपुढे आहे, पण त्याचा अर्थ मला आता लागतोय. मग तू आत्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "मी."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आत्या तुला उंबऱ्यावर बसवायची आणि तुझ्या तोंडात मिठाचा खडा ठेवायची. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, थुंकायचं नाही. दात खायची खोड त्याने जाते म्हणे. तुझे ओठ सोलवटले होते. आणि मी समोर बसून हसले होते, नूतन. एकदा नाही, बऱ्याचदा. हे मला लिहायचंच होतं.

बाबा आषाढात गेले. काविळीने गेले, हे आज शेंबडं पोरही सांगेल. पण आत्याने तेराव्यानंतर हंबरडा फोडला की पोरगीने बापाला खाल्लं, आता पाळण्यातल्या पोपटाला खाईल, ती या घरात असेस्तोवर मी पाणी पिणार नाय. आईच्या अंगात भांडायचं बळ उरलं नव्हतं. मामा रोह्याहून आले आणि तुझं बोचकं बांधलं गेलं. तेव्हाही तू खरं बोलली नाहीस. गणपती तोंडावर आले होते, माझ्या मजुरीवर आणि आईच्या पापडांवर चूल पेटत होती. मी गेले तर घर कसं चालेल, एवढं तुला कळत होतं का गो त्या वयात? की नुसतं ताईचं नाव घ्यायचं नाही एवढंच ठरवलं होतंस? मी तुला एसटी स्टँडवर सोडायला आले नाही. शेठने सोडलं नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. शेठला मी विचारलंच नव्हतं. तुला बसमध्ये चढताना बघायची माझी छाती नव्हती.

सहरच्या दवाखान्यातून आले आणि तू घरी नसशील अशी वेळ साधून सखाभावोजींना फोन लावला. आडवळणाने विचारलं, की नूतन अजून झोपेत दात खाते का हो? ते हसायलाच लागले. म्हणाले, ताई, तुमची बहीण उशीला डोकं टेकलं की दगड, लग्न झाल्यापासून चूं नाय की चां नाय, घोरतो तो मी. तुमच्या वैशालीने बाळपणी रडून घर डोक्यावर घेतलं तरी आई उठायची नाही, असंही सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. तू गेल्यावर मी पडवीत एकटीच निजायचे, म्हणून माझा आवाज घरात कुणाच्या कानावर गेला नाही. माझ्या हळदीला तू मामीबरोबर संध्याकाळीच परत गेलीस. आदर्शच्या बारशाला सगळे राहिले, तू राहिली नाहीस. पोपटाच्या लग्नात मी तुझी पिशवी लपवून ठेवली तर तू पिशवी सोडून बसमध्ये बसलीस, आणि मी दोन महिने तुझ्याशी अबोला धरला. एक रात्र राहिली असतीस तर सकाळी सगळ्यांना समजलं असतं, की धाकटी निवांत झोपते आणि दात मोठी खाते. आईला कळलं असतं, माझ्या सासरी कळलं असतं. तू आमच्या अंगणातून दर वेळी परत फिरलीस ती आमच्यावर रागावून नाही. आणि मी तुझी कीव करत होते इतकी वर्षं. बिचारी नूतन, मनातलं काढून टाकत नाही, असं चारचौघींत म्हणत होते.

मी हे पोटात ठेवू शकले असते. त्यात मी तरबेज आहे. पण सहरने सांगितलंय ना, गिळायचं नाही. परवा दुपारी आई सुपात तांदूळ निवडत बसली होती, तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं. मनस्वीचं रेकॉर्डिंग ऐकवलं, दाढेचा तुकडा दाखवला, भावोजी काय म्हणाले ते सांगितलं. तिचे हात सुपातच राहिले. मग म्हणाली,

"मंग मी चुकीची पोर पाठवली."

मला आधी दुःख नाही झालं, राग आला. म्हणजे बरोबर पोर मी होते, मला धाडायला हवं होतं, असंच ना? मी तसं तिला तोंडावर विचारलं. छप्पन्न वर्षांची बाई मी, बारा वर्षांच्या पोरीसारखी तिच्यापुढे उभी. तिने माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"कुठलीच नाय गो सरू. कुठलीच पाठवायची नव्हती."

त्या दिवशी ती जेवली नाही. काल सकाळी उठली ती वेगळीच. म्हणून आता हे पत्र का, ते ऐक. आईने पिशवी भरलीय. तीन लुगडी, गोळ्यांचा डबा, चष्मा. म्हणते, नूतन माझ्याकडं राहत नाय तर मी तिच्याकडं राहते, ठेवील तितके दिवस. रविवारी सकाळच्या मेमू गाडीने मी तिला घेऊन येतेय. तुला ते जड वाटत असेल तर आदर्शच्या हाती निरोप धाड, मी तिला काही तरी सांगून थांबवीन आणि तुला कधी बोल लावणार नाही. तुझा तो हक्क आहे. पण येऊ दिलंस तर मला एका गोष्टीची धास्ती वाटते. ती दारात पाऊल टाकताच तुला विचारणार आहे, तेव्हा दात कोण खायचं म्हणून. तिचा चेहरा बघून तुझं काळीज विरघळेल. तू हसशील, तिची पिशवी हातातून घेशील आणि म्हणशील, छे गो आई, मीच खायचे, ताईला म्हातारपणी काहीतरीच वाटायला लागलंय. तिला बरं वाटावं म्हणून म्हणशील, मला वाचवायला म्हणशील. तसं करू नकोस, नूतन. मी तिला हजारदा सांगितलं तरी तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला खरं वाटायचं नाही. मी तिथेच, तुझ्यासमोर उभी असेन. माझं नाव घे.

तुझीच,
सरूताई